गिरिजामावशीचा रहिवास

तलाठ्याकडे जाऊन ‘माझा निराधारचा पगार बंद करा’ असं आपण होऊन सांगणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे आमच्या शेजारची गिरिजामावशी.

२०१५ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मावशीची एकुलती एक लेक दीपमाला तेव्हा कॅनडात विनिपेग नावाच्या शहरात राहत होती. तिथली कायमची रहिवासी झाल्यावर तिनं आईलाही कायमचं बोलावून घेण्याचा अर्ज करून ठेवला होता. बरीच वर्षं वाट पाहायला लावून एकदाची त्याला मंजुरी आली. मावशीची जायची तारीख ठरली आणि दुसऱ्याच दिवशी ती मला म्हणाली, “साधना, तुला शाळेत जायचंच हाये तर जाता जाता माझ्यासंगं तलाठ्याकडं चल. एक अर्ज लिहून दे.”

मी आमच्या तीर्थपुरी गावच्याच जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. दीपमाला आणि मी एका बाकावर शिकलो. त्यामुळे वस्तीत कोणाचाही अर्ज माझ्याकडून लिहून घेतला जाई, आणि मावशीचा तर हक्कच होता. पण अर्ज कशाचा ते कळल्यावर मी थांबले. “मावशी, कशाला बंद करता? राहू द्या की. तुम्ही इथंच आहात म्हणून तुमच्या दिराचा देवानंद दाखवील सही-अंगठा. गावातल्या किती जणांचं तसं चालतं.”

“इथं न्हाईच तर इथला पगार कशाला खायचा?” मावशी म्हणाली. “आता लेक हाये, तिथलं सरकार हाये. तू लिही, की मी कायमची चालले.”

मी तसं लिहिलं. तलाठी हसला, पण त्यानं अर्ज घेतला.

मावशीचा नवरा कचरू विहिरी खोदायच्या कामावर होता. दीपमाला चौथीत असताना दरड कोसळून गेला. त्यानंतर मावशीनं लोकांच्या शेतात निंदायला, वेचायला जाऊन लेक वाढवली. पुढे आमच्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायचं काम तिला मिळालं. मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवताना ती कमरेत वाकायची आणि एकदाही पोरांवर खेकसायची नाही. पोरं तिला ‘खिचडीमाय’ म्हणत. दीपमाला औरंगाबादला नर्सिंग शिकली, आधी कुवेतला गेली, मग कॅनडाला. तिथं तिची नर्सची सनद चालली नाही. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, आंघोळ घालायचं काम ती करायची. तिचा नवरा नागसेन हा मूळ अंबडकडचा, कॅनडात ट्रक चालवायचा. त्यांना एक मुलगी, पायल. पायलला सांभाळायलाही घरात कोणीतरी हवंच होतं.

निघताना मावशीनं आपलं पत्र्याचं घर दिराचा मुलगा देवानंद याला राहायला दिलं. आम्ही सगळे तिला बसस्टँडवर सोडायला गेलो. कोणीतरी पेढे वाटले. मावशी बसच्या खिडकीतून म्हणाली, “जय भीम रे समद्यांला,” आणि गाडी हलल्यावर रडली.

तिकडची जी हकीगत मी सांगते आहे ती काही मावशीनं सांगितलेली, काही दीपमालानं फोनवर सांगितलेली.

पहिला हिवाळा मावशीनं खिडकीत काढला. बाहेर सगळं पांढरं, आणि माणूस दिसायचं नाही. मग बाहेरून येऊन वसलेल्या लोकांसाठी तिथं सरकारी खर्चानं जे मदत केंद्र चालतं, तिथं दीपमालानं तिचं नाव घातलं. केंद्रात हरप्रीत नावाची एक पंजाबी बाई होती. तिचं हिंदी मावशीला समजे, मावशीचं आपलं इकडचं हिंदी तिला समजे. हरप्रीतनं मावशीला बस कशी पकडायची ते दाखवलं, दवाखान्याचं कार्ड कसं दाखवायचं ते शिकवलं, एक जाड निळा कोट मिळवून दिला, आणि इंग्रजीच्या वर्गात बसवलं.

वर्ग फुकट. वर येण्याजाण्याचा बसचा पास. मावशीचा विश्वासच बसेना. पहिल्या आठवड्यात तिनं मला फोन केला. “साधना, सरकार मला शाळात घालून राह्यलंय! बासष्टाव्या वर्षी! आन् जायाचं भाडं बी तेच देतंय. आपल्याकडं पोरांला सांगून बघ, विश्वास न्हाई ठेवायची.”

जन्मात शाळेची पायरी न चढलेली बाई तिथं एबीसीडी गिरवू लागली. तिच्या शेजारी झरीन नावाची अफगाण म्हातारी बसायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. झरीन सुका मेवा आणायची, मावशी धपाटे न्यायची. शिकवणारी वळली की दोघी एकमेकींच्या वहीत बघायच्या. एकदा झरीन चारपाच दिवस आली नाही तर मावशी हरप्रीतला घेऊन तिच्या घरी गेली. वर्षभरात मावशी आपलं नाव, लेकीचं नाव आणि घराचा पत्ता इंग्रजीत लिहायला शिकली. तो पत्ता एका कागदावर लिहून तिनं फोटो पाठवला होता. अक्षरं मोठी, वाकडी, पण एकही चूक नाही. मी तो माझ्या वर्गातल्या पोरांना दाखवला.

त्याच वर्गात एका दिवशी एक अधिकारी बाई येऊन म्हाताऱ्या माणसांना मिळणाऱ्या पेन्शनची माहिती देऊन गेली. कुठं नोकरी केलेली नसली तरी चालतं, फक्त वय आणि देशातला रहिवास पुरा हवा. रहिवास किती, तर दहा वर्षं. मावशी हरप्रीतला म्हणाली, “म्हंजे मला इथं दहा वर्षं जगून दाखवावं लागन का?”

हरप्रीत हसली. मावशीही हसली. तोपर्यंत तिला कशाची घाई नव्हती. लेक कमवत होती, जावई कमवत होता, नात तिच्या हातचं खाऊन शाळेत जात होती.

चार वर्षं बरी गेली. मग नागसेनचं घरी येणं कमी झालं. आधी लांबच्या फेऱ्या, मग दुसऱ्या प्रांतात काम, मग तिथंच खोली. भांडण असं मोठं कधी झालं नाही. दीपमाला मला एकदाच त्याबद्दल बोलली: “साधना, तो वाईट न्हाई गं. तो फक्त तिकडचा होऊन गेला.” त्यांची सोडचिठ्ठी झाली ती कोणाच्या डोळ्यासमोर न होता, कागदावर.

त्यानंतर कोरोना आला. दीपमालाच्या वृद्धाश्रमात निम्मी माणसं कामावर येईनात, उरलेल्यांवर दुप्पट ओझं. एका जाडजूड म्हाताऱ्याला एकटीनं उचलताना तिच्या कमरेत उसण भरली आणि ती तिथंच जमिनीवर बसली. पुढे कित्येक महिने तिला धड वाकता येईना. कामावर दुखापत झाली म्हणून विम्याचे पैसे सुरू झाले. त्या विम्यावर घर चाललं. मग विम्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, की बाई हलकं काम करू शकते. विमा थांबला. हलकं काम मात्र कोणी देईना.

शेवटी दीपमाला सरकारी मदतीच्या ऑफिसात गेली. चालताना तिला आधार लागायचा म्हणून मावशी सोबत गेली, आणि दुभाषी म्हणून हरप्रीत. समोरचा माणूस चांगला होता असं मावशी अजून सांगते. त्यानं पाणी दिलं, दीपमालाला बसायला उशीची खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की तुला आणि तुझ्या मुलीला महिन्याला मदत मिळेल. आईला मात्र मिळणार नाही.

तिला बोलावून घेताना दीपमालानं सरकारला हमी लिहून दिली होती, की आईचा सगळा भार मी उचलीन. ती हमी अजून चालू होती. सरकारनं आईला काही दिलं, तर तेवढं सगळं दीपमालाच्या नावावर कर्ज म्हणून चढणार होतं.

हे सगळं इंग्रजीत झालं. दीपमालानं मान खाली घातली. मावशीनं हरप्रीतला विचारलं, “काय बोलून राह्यला तो?”

हरप्रीत हळू आवाजात म्हणाली, “माताजी, आपको देंगे तो बेटी के सर पे चढ़ेगा.”

“मंग नको म्हणावं,” मावशी लगेच म्हणाली. “बिलकुल नको.”

त्या दिवसापासून दोघींच्या नावचं तिघी खाऊ लागल्या. दीपमाला आईला काही जाणवू देत नव्हती, पण मावशीला ते जाणवायला कोणी सांगायची गरज नव्हती. ती दुपारचं जेवण टाळू लागली. पायलला म्हणायची, मला उपास आहे. पायल म्हणायची, आज्जी, आपल्यात उपास करतात का? मावशी म्हणायची, मी करते.

चर्चच्या तळघरात फुकट धान्य आणि डबे मिळायचे. तिथं रांग लागायची. दीपमालाला उभं राहवत नसे, पायलला लाज वाटे, म्हणून मावशी निळा कोट घालून रांगेत उभी राहायची. मी तिला एकदा विचारलं होतं, त्या रांगेत कसं वाटायचं. ती म्हणाली, “वाढणारी पोरगी चांगली व्हती. समद्यांला बराबर देत व्हती, कोणाला कमी न्हाई, जास्त न्हाई. मी तिच्या हाताकडंच पाहत राह्यचे. वर बघवत नव्हतं.”

एकदा त्याच रांगेत झरीनचा मुलगा तिला भेटला. तोही पिशवी घेऊन उभा होता. झरीन थंडीत गेली, असं त्यानं खुणेनं सांगितलं. मावशीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डबे घेऊन घरी आली. पुढे ती इंग्रजीच्या वर्गाला गेली नाही.

२०२२च्या पावसाळ्यात तिनं लेकीला सांगितलं, “दीपे, मला गावाकडं जायचं. मला इथं करमंना.”

ही गोष्ट दीपमालानं मला फोनवर सांगितली तेव्हा ती आधी रागावलेली होती. “सात वर्षं करमलं, आन् आता करमंना? तीन वर्षं राह्यली, साधना. फक्त तीन. मंग तिला तिचं पेन्शन मिळन, कोणाकडं हात पसरायचं काम न्हाई. मी तिला लई सांगितलं.”

“मग काय म्हणाली?”

“म्हणाली, तीन वर्षं तू काय खाशीन?”

तीच पुढं म्हणाली, “ती करमत न्हाई म्हणते ते खोटं हाये. मला बराबर माहीत हाये. आन् मी तिला जाऊ देऊन राह्यले. मी थांब म्हणते, पण पयल्यासारखं जोर लावून न्हाई म्हणत. तिला बी ते कळतं.”

तिकीट नागसेननं काढून दिलं. मावशीनं फोनवर त्याला जय भीम घातला आणि फोन लेकीकडे दिला.

जालन्याच्या स्टेशनवर तिला आणायला देवानंद आणि मी गेलो होतो. गाडीतून ती उतरली तेव्हा तिच्या अंगात तो निळा कोट होता, नोव्हेंबरच्या उन्हात. बॅगेत मावत नव्हता म्हणून घातला, असं ती म्हणाली. वाटेत अंबडला आम्ही चहा घेतला. सगळ्या वाटेवर ती बाहेर बघत होती आणि ऊस कुठं, कापूस कुठं, मोसंबीच्या बागा कोणी मोडल्या, कोणी नव्या लावल्या, हे विचारत होती. घराबद्दल तिनं विचारलं नाही.

घराचं तिला माहीत होतं. ती गेल्यावर काही वर्षांनी देवानंदच्या नावानं घरकुल मंजूर झालं होतं. जागा म्हणून त्यानं मावशीच्या पत्र्याच्या घराचीच दाखवली. फोनवर विचारून घेतलं होतं, आणि मावशीनं खुशीनं हो म्हटलं होतं. आता तिथं दोन खोल्यांचं पक्कं घर होतं. देवानंद, त्याची बायको पंचशीला, दोन मुलं, आणि देवानंदचा अंथरुणाला खिळलेला बाप. मावशीची गादी दारामागच्या बोळकांडीत टाकली. पंचशीला वाईट नव्हती. सकाळी पहिला चहा ती मावशीलाच द्यायची. पण त्या घरात आधीच माणसं जागेपेक्षा जास्त होती, आणि आता त्यात एक वाढलं.

रेशन कार्डावरचं मावशीचं नाव कधीच कमी झालेलं होतं. निराधारचा पगार तर तिनं स्वतःच बंद केला होता. मी म्हटलं, आपण नव्यानं अर्ज करू. शाळेची सुट्टी टाकून मी तिला घनसावंगीला तहसीलला घेऊन गेले. ती लुगडं नीट नेसून, केस विंचरून आली होती.

तिथला कारकून तरुण होता. त्यानं सगळे कागद पाहिले आणि मावशीकडे बघून म्हणाला, “बाई, तुम्ही तर फॉरेन रिटर्न. निराधार कशा?”

मी म्हटलं, “निराधारच आहेत. विधवा आहेत, वय सत्तरीला आलं, जमीन नाही, काही उत्पन्न नाही.”

“मॅडम, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. मधली सात वर्षं तर या इथं नव्हत्याच. तलाठ्याकडं त्यांचाच अर्ज आहे, कायमची चालले म्हणून. तलाठी दाखला कसा देईल?”

माझ्याच हातचा अर्ज. कारकून पुढे म्हणाला, “रहिवासाचं एक वेळ साहेबांशी बोलून बघता येईल. जन्म इथला आहे, मतदार यादीत नाव होतं, काहीतरी निघेल. पण दुसरं मोठं आहे. मुलगी कॅनडात कमावती. अशा बाईला निराधार म्हणून मंजूर केलं तर उद्या कोणीही तक्रार करील.”

“मुलगी कमावती नाही,” मी म्हणाले. “ती स्वतःच सरकारी मदतीवर आहे.”

“असं का?” त्याचा आवाज बदलला. “मग तसं तिथल्या सरकारचं पत्र आणा. मराठीत भाषांतर करून जोडा. मी स्वतः फाईल पुढं पाठवतो. समितीसमोर वाचलं जाईल, गावातले मेंबर असतात, ते ओळखतील, अडचण येणार नाही.”

मला हायसं वाटलं. दीपमालाला सांगितलं असतं तर तिनं ते पत्र दोन दिवसांत पाठवलं असतं. मी मावशीकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती.

“न्हाई,” ती म्हणाली.

“मावशी, बसा तर खरं.”

“माझ्या लेकीला सरकार पोसतंय, असा कागद मी इथं वाचून दाखवायची न्हाई. गावातल्या मेंबरांपुढं तर बिलकुल न्हाई. ती नर्स हाये. तिचा फोटो शाळात लावलाय. चल, साधना.”

“अहो, मिळतंय ना पण.”

“चल म्हणते ना!”

परतीच्या बसमध्ये मी तिला खूप समजावलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तीर्थपुरी जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, “तू दीपीला यातलं काही सांगू नको. माझी शपथ हाये तुला.”

मी तेव्हा सांगितलं नाही.

गावाला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गावाच्या मते मावशीकडे डॉलर होते. पोराला तिकडे लावा म्हणून लोक तिच्याकडे येत. विहाराला फरशी बसवायची होती तेव्हा वर्गणीला आलेली पोरं म्हणाली, “आज्जी, तुमचं नाव सगळ्यात वर पायजे.” मावशीनं कानातली फुलं काढून दिली. दुसऱ्या दिवसापासून कानात कडुलिंबाच्या काड्या घालून फिरू लागली. मी विचारलं तर म्हणाली, “भोकं बुजू नये म्हणून.”

शाळेतलं खिचडीचं काम आता बचत गटाकडे होतं. मावशी एकदा शाळेत आली, चुलीपाशी थोडा वेळ उभी राहिली. गटातल्या बायांनी तिला खुर्ची आणून दिली, पाहुणीसारखी. ती बसली नाही. मग एका सकाळी मी शाळेत जाताना पाहिलं, तर मजूर बायांच्या टेम्पोत मागं मावशी बसलेली. डोक्याला रुमाल, हातात खुरपं. बाया आपसात हसत होत्या, कॅनडाची बाई निंदायला चालली. मावशी त्यांच्याबरोबर हसली. जे मिळे ते ती पंचशीलाच्या हातात देई. दीपमाला अधूनमधून थोडं पाठवत असे. तेही ती घरातच देई. पण त्याआधी दीपमालाला फोनवर रागवून घेई, “कशाला पाठवती? मला हितं काय कमी हाये?”

असं दोन-अडीच वर्षं चाललं. गेल्या पावसाळ्यात मोसंबीच्या बागेत तण काढताना ओल्या बांधावरून तिचा पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. हाड जुळलं, पण वाकडं. खुरपं धरवेना. त्यानंतर ती बोळकांडीतच जास्त बसू लागली. बोलणं कमी झालं. पंचशीला म्हणायची, “ताई, जेवण ठेवलं तर निम्मंच खात्यात. मी तर कधी काय बोलले न्हाई हो त्यांला.” ती खरंच बोलली नव्हती.

तेव्हा मी शपथ मोडली. दीपमालाला फोन करून सगळं सांगितलं: मनगट, टेम्पो, आणि तहसीलमधलंही. दोन महिन्यांनी, डिसेंबरात, ती पायलला घेऊन आली.

दीपमाला कमरेला पट्टा बांधून चालत होती. तिला आता त्याच वृद्धाश्रमात टेबलावर बसून करायचं अर्ध्या दिवसाचं काम मिळालं होतं, त्यामुळे सरकारी मदत सुटली होती. पायल चौदा वर्षांची, उंच, लाजरी. मराठी समजायची, बोलताना अडखळायची. ती आल्या आल्या बोळकांडीत आजीच्या गादीवर जाऊन बसली. मावशीनं वाकड्या हातानं तिचे केस विंचरायचा प्रयत्न केला. फणी हातातून पडली. पायलनं उचलून परत तिच्या हातात दिली.

संध्याकाळी आम्ही सगळे अंगणात बसलो होतो. दीपमाला म्हणाली, “माय, आता माझ्यासंगं चल. आता जमन मला.”

मावशीनं तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. तो मी पाहिला आणि म्हणूनच पुढचं ऐकताना मला तिच्याकडे बघवेना.

कारण दीपमालालाच पुढे सांगावं लागलं. तीन वर्षांहून जास्त काळ बाहेर राहिल्यानं मावशीचा तिकडचा कायम रहिवासाचा हक्क धोक्यात आला होता. कार्डाची मुदत संपली होती. हरप्रीतनं सांगितलं होतं, की खास परवानगीसाठी अर्ज करा, माणुसकीच्या कारणावर कधी कधी देतात. अर्ज दीपमालानं येण्याआधीच केला होता. उत्तर यायचं होतं. ते काही दिवसांनी, ती इथं असतानाच, तिच्या फोनवर आलं. परवानगी नाकारली होती.

“परत बोलवता येत न्हाई का पयल्यासारखं?” मावशीनं विचारलं.

“नवी नावं घेणं लई वर्षांपासून बंद हाये, माय. चालू झालं तरी तीन वर्षांची पुरेशी कमाई दाखवावी लागती. माझी कुठं हाये?”

“आन् ती सात वर्षं?”

“ती गेली.”

मावशीनं मान डोलावली, जणू बाजारात भाव ऐकावा तशी. पायलनं आईला इंग्रजीत काहीतरी विचारलं. दीपमालानं तिचा हात हातात घेतला.

महिन्याभरानं त्या निघाल्या. जाण्याआधी दीपमालानं तहसीलसाठी तिथल्या सरकारचं पत्र आणि स्वतः केलेलं त्याचं भाषांतर माझ्याकडे दिलं. आता मदत सुटली होती, त्यामुळे पत्रात आधीच्या वर्षांचाच उल्लेख होता. मावशीनं ते पाहिलं. या वेळी तिनं नको म्हटलं नाही. फाईल दाखल केली आहे. अजून बैठक झालेली नाही.

जालन्याच्या स्टेशनवर गाडीला वेळ होता. बाकावर मावशी मध्ये, एका बाजूला लेक, एका बाजूला नात. मी थोडी दूर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होते. गाडीची घोषणा झाली तेव्हा मावशी दीपमालाला म्हणाली, “एक ऐक. माझ्या मातीला येऊ नको.”

“माय, काय बोलून राह्यली?”

“येऊ नको म्हणते. मेल्यावर मला काय कळणार हाये? रजा काढशीन, काम जाईन. पोरीचं शिक्षण व्हायचं हाये. देवानंद हाये, साधना हाये. समदं करत्यान.”

दीपमाला पट्ट्यामुळे धड वाकू शकत नव्हती. ती तशीच ताठ उभी राहून रडू लागली. पायल दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. मग ती म्हणाली, अडखळत, पण मराठीत, “आज्जी, मी येणार.”

मावशीनं तिच्या गालाला हात लावला.

गाडी गेल्यावर आम्ही एसटीनं परतलो. मावशीला झोप लागली होती. बसस्टँडवर उतरून ती माझा हात न धरता वस्तीकडे चालू लागली. पंचशीलानं तिच्यासाठी भाकरी आणि वांग्याची भाजी झाकून ठेवली होती. मावशीनं डाव्या हातानं अर्धी भाकरी खाल्ली, उरलेली तशीच झाकली आणि पाणी पिऊन दारामागच्या गादीवर आडवी झाली.